कोणते रोप मोठे होणार?

जूनचा पहिला पाऊस पडला की पुण्याच्या आसपासच्या रोपवाटिकांत गर्दी होते. मुळशी, मावळ, भोर, खेडकडचे शेतकरी बांधावर लावायला साग, मलबार नीम, महोगनी विचारत येतात. शहरातले नोकरदारही येतात. गावाकडच्या पडीक तुकड्यावर पुढच्या पिढीसाठी काहीतरी लावून ठेवायचे असते. सागाची रोपे काळ्या पिशव्यांत ओळीने उभी असतात, सगळी वीतभर, सगळी सारखी. आणि गिऱ्हाईक हमखास विचारते, "यातलं जोमानं वाढणारं कोणतं?"

"टिश्यू कल्चरचं घ्या, दादा," असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. टिश्यू कल्चर म्हणजे एका झाडाच्या हजारो नकला काढण्याची पद्धत. नक्कल कोणत्या झाडाची काढली, ते झाड खरोखर जातिवंत होते की त्याला नुसती चांगली जमीन लाभली होती, हे त्या उत्तरात कुठेच नसते. वीतभर रोपाचे एक पान खुडून, त्यातला डीएनए वाचून, ते पंधरा वर्षांनी किती जाड होईल याचा अंदाज बांधता आला तर? जगातल्या काही वृक्षांबाबत हे आज होते आहे. सागाबाबत त्याची तयारी चालू आहे, आणि या गोष्टीतले काही महत्त्वाचे टप्पे पुण्यात आणि पुण्याच्या वेशीवर घडले आहेत.

१. जाड झाड जातिवंत असतेच का?

पंधरा वर्षांच्या सागाच्या लागवडीत शिरले तर काही झाडे मांडीहून जाड दिसतात, काही मनगटाएवढी राहिलेली असतात. बी एकाच पोत्यातले, लावणीचा आठवडाही एकच. मग फरक का पडला?

काही झाडांच्या खाली मुरूम लागला, काहींच्या खाली खोल माती. कुठे पाणी साचले आणि मुळे गुदमरली. कुठे शेजारचे झाड मेले आणि उरलेल्याला दुप्पट ऊन मिळाले. कुठे तिसऱ्या वर्षीच्या वणव्याने शेंडा जाळला. ही सगळी परिस्थितीची देणी. त्यांच्यात मिसळून आणखी एक देणे असते, आईबापांकडून आलेले. डोळ्यांना दिसणाऱ्या जाडीत ही दोन्ही एकजीव झालेली असतात.

झाडाझाडांमधल्या फरकाचा जो वाटा पुढच्या पिढीत उतरतो, त्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. बहुतेक वनवृक्षांत घेर आणि उंचीसाठी हे प्रमाण साधारण दहा ते तीस टक्के असते. लाकडाच्या घनतेसाठी ते बरेच जास्त असते. म्हणजे दाट, जड लाकडाचे झाड डोळस मोजणीने निवडणे तुलनेने सोपे. जोमाने वाढणारे झाड निवडणे अवघड, आणि शेतकऱ्याला नेमके तेच हवे असते.

एक छोटा हिशोब करू. समजा, एका लागवडीत छातीच्या उंचीवरचा सरासरी घेर ६० सेंटिमीटर आहे. त्यातली सर्वांत जाड झाडे निवडली; त्यांची सरासरी भरली ८० सेंटिमीटर. सरासरीपेक्षा ती २० ने पुढे आहेत. आनुवंशिकतेचे प्रमाण वीस टक्के धरले तर त्या २० पैकी फक्त ४ सेंटिमीटर मुलांना मिळतील. पुढच्या पिढीची सरासरी ८० होणार नाही, ६४ होईल. आणि हेही आई आणि बाप दोन्ही निवडले असतील तरच. सागाची फुले मधमाश्यांसारखे कीटक फळवतात. बी आपण निवडलेल्या झाडाखालून गोळा केले तरी पराग कुठून आला हे कुणी पाहिलेले नसते. बाप असा कीटकांवर सोडला की फायदा निम्म्यावर येतो: ६४ च्या जागी ६२.

साठाचे बासष्ट, आणि त्यासाठी पंधरा वर्षे. वृक्षसुधारणेच्या कामातली खरी अडचण या एवढ्या आकड्यांत आहे.

२. सरळ झाडे आधी तुटली

शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले तेव्हा त्यासाठी सागाचे लाकूड जुन्नरच्या जंगलांतून आणले गेले. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले कोरीव लाकूडकाम आजही पाहता येते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे तर जगभर गेली. १८१७ साली तिथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर आहे. या वैभवाची किंमत जंगलाने दिली. वाड्याच्या खांबाला आणि जहाजाच्या फळीला सरळसोट, बिनगाठीचे, उंच खोड लागते. म्हणून तशी झाडे आधी पडली आणि वाकडी, लवकर फांद्या फुटलेली झाडे बी टाकायला मागे राहिली. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या नकळत उलटी निवड केली.

सागाच्या शरीरात आणखी एक गोम आहे. त्याचा तुरा मुख्य शेंड्याच्या टोकाला येतो. पहिल्यांदा फुलोरा आला की शेंड्याची सरळ वाढ तिथे थांबते आणि खोडाला फाटे फुटतात. जे झाड उशिरा फुलते त्याचे बिनफांदीचे खोड लांब मिळते. जे लवकर आणि भरभरून फुलते त्याचे खोड आखूड. आता जंगलात बी गोळा करणारा मजूर कोणत्या झाडाखाली बसेल? जिथे बियांचा सडा पडलेला असतो तिथेच. पोते लवकर भरते, पण त्यात आखूड खोडाच्या झाडांची मुले जास्त जातात. त्या मजुराचा यात काही दोष नाही. बी किलोवर मोजले जाते, खोडाच्या लांबीवर मोजले जात नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतातल्या वनखात्यांनी यावर उपाय सुरू केला. जंगलांतून देखणी, सरळ, निरोगी झाडे हेरायची. वनाधिकाऱ्यांच्या बोलीत ही 'प्लस ट्री'. त्यांच्या फांद्यांची कलमे करून एका बागेत एकत्र लावायची आणि तिथले बी वापरायचे. कल्पना उत्तम होती, पण या बीजबागांनी निराश केले. लांबलांबच्या जंगलांतून आणलेली झाडे एका ठिकाणी एकाच वेळी फुलेनात. सागाचे एक फूल एकच दिवस उमललेले असते. शेजारचे झाड पंधरा दिवसांनी फुलले तर त्याचा उपयोग नाही. एका तुऱ्यात हजारो फुले असूनही फळे थोडी धरतात, आणि त्या टणक फळांतून रोपे उगवतात ती त्याहून थोडी.

महाराष्ट्राचे सुदैव एवढेच की मूळचा ठेवा पूर्ण संपलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ जुन्या सागाच्या जंगलाचा एक तुकडा कुऱ्हाडीपासून राखलेला आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने तो ओळखला जातो आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पर्यटकाला तिथे भव्य बुंधे दिसतात. पैदासकाराच्या लेखी मात्र तो बाकी ठिकाणी हरवलेल्या जनुकांचा शिल्लक साठा आहे.

३. बाटलीतला साग

पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुणेकरांची एनसीएल, नावावरून रसायनांची वाटते. पण व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हस यांच्या काळात तिथे झाडांचे ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, फार जोमात होते. १९८० मध्ये पी. के. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी सागाची रोपे बाटलीत वाढवून दाखवली. कोवळ्या रोपाचा तुकडा घेऊन हे करणे एक गोष्ट. त्यांनी सुमारे शंभर वर्षांच्या निवडक झाडांचे अंकुरही वापरले. याचे मोल समजायला हवे. सागाचे झाड तरुण असताना ते थोर होणार का हे माहीत नसते. माहीत होईपर्यंत ते म्हातारे होते, आणि म्हाताऱ्या झाडाच्या छाटकलमांना मुळे फुटत नाहीत. सिद्ध झालेल्या म्हाताऱ्या झाडाची हुबेहूब नक्कल काढण्याची वाट पुण्यात मोकळी झाली. पुढच्याच वर्षी याच गटाने निलगिरीच्या एका जातीबाबत तसेच काम प्रसिद्ध केले.

दहा वर्षांनी, १९९० मध्ये, रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी 'नेचर' या नियतकालिकात बांबूबद्दल लिहिले. रानात फुलायला कित्येक दशके लावणारा बांबू त्यांच्या बाटल्यांत काही महिन्यांतच फुलला आणि त्याला बीही धरले. वृक्षांची पैदास करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य झाड फुलण्याची वाट पाहण्यात जाते. म्हणून ही बातमी जगभर पोहोचली.

पण ऊतिसंवर्धनाने निवडीचा प्रश्न सुटत नाही. एनसीएलच्या शास्त्रज्ञांनी झाडे हेरून घेतली होती. पुढे बाजारात 'टिश्यू कल्चर' हेच शब्द हमीपत्रासारखे वापरले गेले, आणि आईचे झाड कोणते हा प्रश्न मागे पडला. रोप विकत घेणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे: आई कुठली, तिची मुले किंवा नकला कुठे लावून पाहिल्या, किती वर्षे मोजल्या. मध्यम झाडाच्या दहा हजार हुबेहूब नकला काढल्या तर दहा हजार मध्यम झाडेच उभी राहतात.

४. मारुतीजवळचे घर

आता मुख्य कल्पनेकडे येऊ. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर; ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरे. सागाच्या एका संचात अशी तीस कोटींहून अधिक अक्षरे आहेत आणि ती १८ गुणसूत्रांवर वाटलेली आहेत. प्रत्येक झाडात दोन संच असतात, एक आईचा, एक बापाचा. दोन सागांचा मजकूर शेजारी ठेवला तर तो जवळजवळ सारखा असतो, मात्र ठिकठिकाणी एखादे अक्षर वेगळे असते: एकात सी, दुसऱ्यात टी. काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो, कुणात आठ वेळा, कुणात अकरा वेळा. प्रयोगशाळेत ओळखता येणाऱ्या अशा फरकाच्या जागेला मार्कर किंवा डीएनए-खूण म्हणतात.

ही खूण बहुतेकदा स्वतः काहीच करत नाही. मग तिचा उपयोग काय? पुण्याच्या पेठांत पत्ता सांगताना लोक जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती सांगतात. ज्याच्याकडे जायचे तो काही मारुतीच्या देवळात राहत नाही. पण देऊळ सापडले की त्याचे घर जवळ आहे हे कळते. खूण हे देऊळ, आणि वाढीवर परिणाम करणारे जनुक हे शेजारचे अनोळखी घर. आईबापांकडून मुलांकडे जाताना डीएनएचे मोठे तुकडे अखंड जातात, त्यामुळे जवळजवळची खूण आणि जनुक सहसा सोबतच उतरतात. प्रत्येक पिढीत या तुकड्यांची थोडी तोडजोड होते. देऊळ आणि घर यांच्यात अंतर जास्त असेल तर काही पिढ्यांनी त्यांची ताटातूट होते आणि पत्ता चुकतो. म्हणून खुणा दाट हव्यात.

इथे एक शंका नेहमी येते: हे जनुक बदललेले झाड झाले का? नाही. झाडात काहीही घातले जात नाही, काढले जात नाही. पानाचा तुकडा तपासून, आधीच असलेल्या रोपांतून निवड केली जाते, एवढेच. जनुकांमध्ये बदल करून काही साधण्याचे काम वेगळे. तेही पुण्यात झाले आहे. कागदाच्या लगद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सुबाभळीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, कमी कसे करता येईल, यासाठी एनसीएलमध्ये लिग्निन बनवणाऱ्या जनुकांवर दीर्घकाळ संशोधन झाले.

५. एका खुणेवर किती विसंबायचे?

समजा, एकाच वयाच्या ३०० सागांचा डीएनए तपासला. एका जागी काहींत दोन्ही संचांवर सी आहे, काहींत एक सी एक टी, काहींत दोन्ही टी. उंची मोजली:

दोन्ही सी असलेली झाडे, सरासरी १२.१ मीटर.
एक सी, एक टी: १२.६ मीटर.
दोन्ही टी: १३.१ मीटर.

चित्र स्पष्ट दिसते. प्रत्येक टी मागे अर्धा मीटर. मग दोन टी असलेली रोपे निवडली की काम झाले? १९९० च्या दशकात जगभर हाच उत्साह होता. १९९० मध्ये डीएनएच्या खुणा स्वस्तात दाखवणारी 'रॅपिड' नावाची पद्धत आली, आणि १९९४ मध्ये ब्राझीलचे दारिओ ग्रॅट्टापाग्लिया आणि अमेरिकेचे रोनाल्ड सेडरॉफ यांनी निलगिरीच्या दोन जातींच्या संकरातून खुणांचा नकाशा तयार केला. वृक्षांना शुद्ध वाण नसतात, तरीही एकाच पिढीतून नकाशा काढता येतो, हे त्यांनी दाखवले. पुढे अनेक वृक्षांत वाढीशी जोडलेल्या खुणा जाहीर झाल्या.

नंतर निराशा आली. वरच्याच उदाहरणात दोन टी असलेल्या झाडांत ९ मीटरचीही असतात आणि १६ मीटरचीही. सरासरीतला एक मीटरचा फरक एका झाडाबद्दल फार थोडे सांगतो. शंभर-दोनशे झाडांवरून काढलेला परिणाम फुगलेला निघतो, कारण शेकडो खुणा तपासल्या की योगायोगाने ठळक दिसणाऱ्याच आधी नजरेत भरतात. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे उंची आणि घेर ही एका-दोन जनुकांची कामे नाहीतच. मुळांची खोली, पानांचा आकार, पालवी कधी फुटते, उन्हाळ्यात पाने कधी गळतात, फुलोरा कधी येतो, अशा असंख्य गोष्टींतून वाढ ठरते. प्रत्येकीमागे अनेक जनुके, प्रत्येकाचा वाटा किंचित.

रोगप्रतिकारासारखा गुण जिथे एकाच जबर जनुकावर असतो, तिथे एक खूण पुरते. एनसीएलमध्ये प्रभाकर रांजेकर यांच्या गटाने भात, गहू, हरभरा यांसारख्या पिकांत डीएनए-खुणांचे काम उभे केले. तिथे शास्त्रज्ञाला पुढची पिढी काही महिन्यांत दिसते, चूक लगेच कळते, सुधारता येते. सागाच्या अभ्यासकाला एका पिढीसाठी आपली अर्धी नोकरी द्यावी लागते.

६. सगळ्या खुणांची बेरीज

सुटकेचा मार्ग गुराढोरांच्या अभ्यासातून आला. २००१ मध्ये थियो म्यूविसेन, बेन हेज आणि माइक गोडार्ड यांनी एक साधा पण धाडसी विचार मांडला. ठळक खुणा शोधायच्याच कशाला? हजारो खुणा एकदम घ्याव्यात, प्रत्येकीला तिचा छोटासा अधिक किंवा उणे वाटा द्यावा आणि सगळ्यांची बेरीज करावी. कोणते जनुक काय करते हे कळले नाही तरी चालेल. याला जीनोमिक सिलेक्शन म्हणतात.

पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी हजारभर झाडांचा डीएनएही वाचायचा आणि ती झाडे मोजायचीही. या दोन्ही माहितीच्या मेळातून प्रत्येक खुणेचा वाटा संगणक ठरवतो. मग नवी रोपे घ्यायची, फक्त डीएनए वाचायचा आणि बेरीज मांडायची. एखाद्या रोपाची बेरीज अधिक ५ सेंटिमीटर आली, दुसऱ्याची उणे ३, तर पहिले ठेवायचे.

२००९ पासून अमेरिकेत दुधाळ होल्स्टीन गुरांची अधिकृत निवड अशा बेरजांवर होऊ लागली. वळूच्या मुली दूध देईपर्यंत थांबण्याची गरज उरली नाही. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफ या संस्थेनेही पुढे हाच मार्ग धरला. खेड्यांतल्या दोन-चार गायी असणाऱ्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन संकरित गायींचे दूध मोजायचे, त्याच गायींचा डीएनए वाचायचा आणि त्यावरून वळू निवडायचे. कागदोपत्री वंशावळ नसलेल्या जनावरांतही हा हिशोब जमतो, हे त्या कामातून दिसले. सागाच्या दृष्टीने हे फार आश्वासक आहे, कारण जंगलातल्या सागाला कुठली आली वंशावळ?

वृक्षांतला ठोस पुरावा २०१२ मध्ये ब्राझीलहून आला. निलगिरीच्या दोन वेगळ्या समूहांत तीन हजारांहून अधिक खुणा वापरून वाढीचा आणि लाकडाच्या गुणांचा अंदाज बांधला गेला. अंदाज आणि वास्तव यांचा मेळ ०.५५ ते ०.८८ इतका भरला. १ म्हणजे तंतोतंत. झाड प्रत्यक्ष वाढवून, मोजून निवडण्याइतकीच ही अचूकता होती. मात्र एका समूहावर शिकलेला हिशोब दुसऱ्या समूहाला लावला तेव्हा तो कोलमडला. ज्यांची मोजमापे घेतली त्यांच्याच नात्यातल्या रोपांना तो हिशोब लागू पडतो. ब्राझीलचे आकडे आणून महाराष्ट्रातल्या निलगिरीला लावता येत नाहीत.

मग फायदा कशात? वेळेत. समजा, जुन्या पद्धतीने एका फेरीला २५ वर्षे लागतात आणि घेरात ४ सेंटिमीटर मिळतात. खुणांच्या आधारे रोपावस्थेतच निवड केली, फक्त फुलण्याची वाट पाहिली, तर फेरी १० वर्षांची होते. अंदाज थोडा कच्चा म्हणून फायदा ३ सेंटिमीटर धरू. पन्नास वर्षांत पहिल्या पद्धतीच्या दोन फेऱ्या होतात, म्हणजे ८ सेंटिमीटर. दुसरीच्या पाच फेऱ्या, म्हणजे १५. बाटलीत लवकर फुललेल्या बांबूचे महत्त्व इथे पुन्हा जाणवते: निवड पानावरून झाली की मग उरलेला उशीर फक्त फुलोऱ्याचा असतो.

७. साग कुठवर आला

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. हा खेळ कोकणापासून विदर्भापर्यंत मुले खेळतात. प्रयोगशाळेत पानातली हीच द्रव्ये त्रास देतात. डीएनए वेगळा काढताना ती त्याला चिकटतात आणि पुढची तपासणी बिघडवतात. त्यामुळे सागाचा स्वच्छ डीएनए मिळवणे हेच आधी शिकावे लागले.

जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने निवडक सागांची ओळख डीएनए-खुणांनी पटवण्याचे काम केले. हे वरवर किरकोळ वाटेल, पण तसे नाही. कलमांच्या बागांत पाट्यांची अदलाबदल होते, कलम मरून खालच्या खुंटाचाच फुटवा वाढतो, आणि पन्नास वर्षे सगळे त्याला थोर झाड समजत राहतात. पानाचा एक तुकडा तपासला की खरे-खोटे कळते.

२०१८ मध्ये कोइंबतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष पैदास संस्थेच्या आर. यशोधा आणि सहकाऱ्यांनी सागाच्या संपूर्ण डीएनएचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला: सुमारे ३१ कोटी ७० लाख अक्षरे, सुमारे ३६ हजार जनुके आणि हजारो नव्या खुणा. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने १८ गुणसूत्रांपर्यंत जुळवलेला मजकूर दिला. आता खुणांचा तुटवडा राहिलेला नाही.

या खुणांचा सर्वांत जवळचा, आजच्या आज करता येण्यासारखा उपयोग म्हणजे बाप शोधणे. बीजबागेतल्या रोपांचा आणि बागेतल्या सर्व झाडांचा डीएनए जुळवला की प्रत्येक रोपाचा बाप कळतो. पहिल्या हिशोबात बाप अज्ञात असल्यामुळे ४ चे २ सेंटिमीटर झाले होते. चांगल्या बापांची रोपे वेगळी काढली तर हातचे गेलेले ते २ सेंटिमीटर बऱ्याच अंशी परत मिळतात. बागेत कोणती झाडे फुलतात पण बाप होत नाहीत, कोणती चार झाडेच निम्म्या रोपांचे बाप आहेत, हेही उघड होते.

८. सुबाभळीवरची कीड

निवड जितकी धारदार, तितका एक धोका वाढतो. बायफने १९७० च्या दशकापासून सुबाभळीचे उंच वाढणारे वाण भारतात पसरवले. चारा, सरपण, कागदाचा लगदा, सगळ्यालाच ते झाड उपयोगी. सुबाभूळ बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे एका वाणाची झाडे जवळजवळ एकसारखी असतात. १९८८ मध्ये पालवीचा रस शोषणारी एक बारीक कीड भारतात पोहोचली आणि देशभरच्या सुबाभळींना तिने ग्रासले. सगळी झाडे सारखी, म्हणून सगळी सारखीच असहाय. हवाईमध्ये पुढे दुसऱ्या जातीशी संकर करून या किडीला तोंड देणारी झाडे तयार करण्यात आली.

जीनोमिक सिलेक्शन बेरजेच्या वरच्या टोकाची झाडे उचलते आणि ती बहुधा एकमेकांची भावंडे निघतात. दोन-तीन फेऱ्यांत सगळी लागवड एकाच कुटुंबाची होऊ शकते. त्याच खुणा हे टाळायलाही वापरता येतात: दोन झाडे किती नात्यातली आहेत हे त्यांच्यावरूनच मोजता येते, आणि पैदासकार थोडा फायदा सोडून दूरचे नातेवाईक निवडू शकतो. साठ वर्षे उभ्या राहणाऱ्या झाडासाठी तो थोडा फायदा सोडणेच शहाणपणाचे आहे, कारण साठ वर्षांत कोणती कीड येईल हे कुणालाच ठाऊक नसते.

९. मुळशीचा पहिला, चंद्रपूरचा कितवा?

शेवटी जागेचा प्रश्न. सागाला भरपूर पाऊस लागतो आणि पावसाळ्यानंतर काही महिने कडक कोरडेही लागतात. महाराष्ट्रात ही स्थिती दर शे-दोनशे किलोमीटरवर बदलते. मुळशीच्या धो-धो पावसात जोमाने वाढणारे झाड चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मागे पडू शकते. विदर्भातल्या लांब कोरड्या ऋतूशी जुळलेले झाड सह्याद्रीच्या ओल्या उतारावर रेंगाळू शकते. खुणांचे वाटेही जागेनुसार बदलतात. म्हणून राज्यासाठी एकच यादी करून चालणार नाही. कोकण-सह्याद्री, पुणे-नाशिकचा मधला पट्टा आणि पूर्व विदर्भ, निदान इतके तरी वेगळे हिशोब हवेत.

याचा अर्थ असा की त्याच निवडक झाडांच्या नकला तिन्ही ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी जागा बदलून बदलून अनेकदा लावाव्या लागतील. दर नकलेला क्रमांक, दर क्रमांकाचा डीएनए, आणि दर तीन-चार वर्षांनी १.३७ मीटर उंचीवर फीत लावून घेतलेला घेर. सोबत खोडाचा सरळपणा आणि पहिल्या फुलोऱ्याचे वर्ष. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या वनविकास महामंडळाकडे सागाच्या लागवडी मोठ्या प्रमाणावर आहेत आणि त्यांतल्या जुन्या लागवडी आज तोडणीच्या वयाकडे सरकत आहेत. कुऱ्हाड लागण्यापूर्वी त्या झाडांचा घेर, मधल्या तपकिरी गाभ्याची रुंदी आणि सालीजवळचा थोडासा जिवंत भाग डीएनएसाठी घेऊन ठेवला, तर पहिला हिशोब मांडायला पंधरा वर्षे थांबावे लागणार नाही. वाढलेली, मोजता येणारी झाडे समोर उभीच आहेत. तोडलेल्या झाडाच्या खुंटाला पुढच्या पावसाळ्यात फुटवे येतात. डीएनएच्या बेरजेत जे झाड वर येईल, त्याच्या फुटव्यांपासून कोवळे अंकुर घेऊन ते बाटलीत वाढवता येतात.